‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ : लहानपणी अर्धा राहिलेला खेळ, आता शेवटपर्यंत

‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ या संगणक-खेळांच्या मालिकेचा पहिला भाग आज विकत घेऊन खेळावा का, या प्रश्नाला माझे उत्तर स्वच्छ ‘हो’ असे आहे. मात्र ते उत्तर देण्याचा अधिकार मला कितपत आहे, हे आधी सांगायला हवे. लहानपणी ज्या खेळावर जीव जडला, त्याचे परीक्षण लिहिणाऱ्यावर वाचकाने सहज विश्वास ठेवू नये, कारण जुन्या गोष्टींचे गुणदोष निवडताना आठवण फारशी न्यायी नसते. माझ्या बाबतीत एका योगायोगाने ही अडचण बरीचशी दूर झाली. १९९० च्या दशकात साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका संगणक वर्गात हा खेळ आम्हा मुलांच्या हाती लागला, तो कोणीतरी पुण्याहून नकलून आणलेल्या फ्लॉप्यांवरून, आणि त्यांतली एक फ्लॉपी खराब होती. लुटारूंच्या गढीकडे जाणाऱ्या वाटेला लागले की पडदा काळा होई आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागे. त्यामुळे खेळाचा बराचसा भाग मला तोंडपाठ होता आणि शेवटचा मोठा तुकडा मी कधी पाहिलेलाच नव्हता. यंदाच्या पावसाळ्यात ‘गॉग’ या संकेतस्थळावरून मालिकेचा संच रीतसर विकत घेऊन पहिला भाग शेवटपर्यंत खेळलो, तेव्हा आठवणीतला भाग आणि कोरा करकरीत भाग शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. जे पुढे लिहितो आहे ते या तुलनेच्या आधारावर.

हा खेळ १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या ओकहर्स्ट या लहानशा गावी असलेल्या सिएरा ऑन-लाइन या कंपनीने प्रसिद्ध केला. लोरी ॲन कोल आणि कोरी कोल या दांपत्याने तो रचला. मूळ नाव ‘हीरोज क्वेस्ट’ असे होते, परंतु जवळजवळ त्याच नावाचा पटावरचा एक खेळ मिल्टन ब्रॅडली या कंपनीने बाजारात आणल्यामुळे सिएराला नाव बदलावे लागले, आणि मग ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी : सो यू वॉन्ट टू बी अ हीरो’ हे लांबलचक नाव कायम झाले. त्या काळी सिएराचे नाव साहसखेळांसाठी होते. म्हणजे फिरायचे, वस्तू गोळा करायच्या, लोकांशी बोलायचे आणि कोडी सोडवत गोष्ट पुढे न्यायची. दुसरीकडे भूमिका-खेळांची एक वेगळी परंपरा होती, ज्यात पात्राची ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे असतात आणि लढाया करून ते वाढवायचे असतात. कोल दांपत्य कागदावर आणि फाशांवर खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत मुरलेले होते. त्यांनी या दोन परंपरा एकमेकींत अशा मिसळल्या की कोडे कुठे संपते आणि आकडा कुठे सुरू होतो, हे खेळणाऱ्याला सांगता येऊ नये. असे मिश्रण नंतर अनेकांनी केले, पण इतके एकजीव मिश्रण मी क्वचितच पाहिले आहे.

कथा साधी आहे. पत्रद्वारा चालणाऱ्या एका वीरशाळेतून प्रमाणपत्र मिळवलेला तरुण स्पीलबुर्ग नावाच्या खोऱ्यात येऊन पोहोचतो आणि त्याच्यामागे खिंड बर्फाने बंद होते. खोऱ्याच्या सरदाराचा मुलगा आणि मुलगी दोघेही बेपत्ता आहेत, रस्त्यांवर लुटारूंचे राज्य आहे, रानात राक्षस आहेत, आणि कोंबडीच्या पायांवर उभ्या असलेल्या झोपडीत बाबा यागा ही चेटकीण राहते. गावातल्या वीरसंघाच्या फळ्यावर कामांची यादी लावलेली असते. कोणाची अंगठी हरवली आहे, कोणाला औषधासाठी काही जिन्नस हवे आहेत. खोरे म्हणजे जर्मन लोककथांचे खोरे, परंतु गावातली खानावळ चालवणारे शमीन आणि शेमा हे मार्जारवंशी जोडपे दूरच्या वाळवंटातल्या शापीर नगरीतून आलेले. रात्र पडली की गावाचा दरवाजा बंद होतो, दुकाने मिटतात, रानात दिवसा न दिसणारे प्राणी हिंडू लागतात आणि आपला वीर थकतो, त्याला भूक लागते, झोप येते. १९८९ च्या खेळात हे सारे होते, याचे आश्चर्य मला आज अधिक वाटते, कारण लहानपणी संगणकात असेच असते असा आमचा समज होता.

आता या खेळाच्या गाभ्याकडे वळतो, कारण त्याचे मोठेपण बहुतांशी एकाच गोष्टीत आहे. सुरुवातीला आपण योद्धा, जादूगार किंवा चोर यांपैकी एक वाट निवडतो, आणि मग आपल्यासमोर एक तक्ता येतो. त्यात बळ, बुद्धी, चपळता, चिवटपणा, नशीब आणि त्यांच्याखाली शस्त्र चालवणे, वार अडवणे, वार चुकवणे, पावले न वाजवता चालणे, कुलूप उघडणे, फेकणे, चढणे, जादू करणे अशा कला असतात. या पहिल्या भागात प्रत्येक आकडा जास्तीत जास्त शंभरपर्यंत जाऊ शकतो. इतर बहुतेक भूमिका-खेळांत शत्रू मारले की अनुभव नावाची पुंजी जमते आणि ती पुरेशी झाली की पात्र एकदम एक पायरी वर चढते. पात्राने तलवारीने शत्रू मारले आणि वाढली मात्र कुलूप उघडण्याची कला, असेही तिथे चालते. इथे तसे नाही. चढण्याची कला चढूनच वाढते, फेकण्याची फेकूनच, आणि जादू मंत्र म्हणूनच. झाडावर चढायला गेले, अर्ध्यावर हात सुटला आणि खाली आपटले, तरी तो प्रयत्न वाया जात नाही. आकडा किंचित पुढे सरकतो. दम संपला की थांबावे लागते, खावे लागते, झोपावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच झाडाखाली उभे राहता येते.

आमच्या जिल्ह्यातल्या मुलाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नसे. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. तालमीच्या मातीत रोज उतरल्याशिवाय अंग घडत नाही, हे आम्ही घरात ऐकत वाढलो होतो. हा खेळ तालमीसारखा आहे. सरदाराच्या किल्ल्याच्या अंगणात एक शस्त्रगुरू पैसे घेऊन तलवारीचे हात शिकवतो, आणि प्रत्येक वेळी आपल्याला हरवतो, आणि एक दिवस अचानक आपण त्याच्या बरोबरीला येतो. त्याच किल्ल्याचा तबेला साफ करण्याची मजुरी मिळते आणि त्या कष्टाने बळही वाढते. सुट्टीत संगणकावर बसण्याची पाळी येई तेव्हा आमच्यापैकी काही मुले गोष्ट पुढे न नेता आपली सारी वेळ दगड फेकण्यात किंवा तबेला झाडण्यात घालवत, आणि मागे उभी असलेली मुले त्यांना नावे न ठेवता आकडा किती झाला, ते विचारत. खेळात केलेले कष्ट इतक्या मुलांना इतके मोलाचे वाटलेले मी पुढे कुठल्याच खेळात पाहिले नाही. वीज जाण्याच्या भीतीने दर थोड्या वेळाने खेळ साठवून ठेवण्याची सवय तेव्हा लागली ती लागलीच. आणि एखाद्याचा न साठवलेला वीर वीज गेल्यामुळे हरवला, तर त्याच्या जवळच्या मित्राने आपली पाळी त्याला द्यायची, असा आमचा अलिखित नियम होता.

या आकड्यांचा कोड्यांशी जो सांधा जोडला आहे, तो पाहण्यासारखा आहे. वैद्यबाईंची अंगठी हरवलेली असते आणि त्यांच्या झोपडीबाहेरच्या झाडावर, फांदीच्या टोकाला, एक घरटे असते. योद्धा दगड मारून घरटे पाडू शकतो, जादूगार वस्तू जवळ खेचून आणणारा मंत्र म्हणू शकतो, आणि चोर सरळ झाडावर चढून फांदीवरून सरकत जाऊ शकतो. परंतु योद्ध्याने चढण्याचा सराव केला असेल तर त्यालाही चढता येते. मार्ग निवडीने ठरतो तेवढाच सरावानेही ठरतो. एकमेकांकडे पाहून बी थुंकणाऱ्या वनस्पतींच्या मधून ते बी पकडणे असो, किंवा झोपलेल्या कोबोल्ड नावाच्या खुज्या राक्षसाच्या गुहेतून किल्ली मिळवणे असो, प्रत्येक ठिकाणी रचणाऱ्यांनी तीन वेगळ्या माणसांचा विचार करून ठेवला आहे. एकच कथा तीन वेळा खेळली तर ती तीन वेगळ्या हातांनी सुटते, आणि म्हणून पहिला भाग तसा लहान असला तरी तो लवकर संपत नाही.

खोऱ्यातल्या गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत, याचे एक उदाहरण देतो. गावच्या रस्त्यावर हिल्डे नावाची अश्वमानव मुलगी फळे आणि भाजी विकत बसते. तिच्या वडिलांना लुटारूंनी जखमी केलेले असते, आणि हे तिच्याशी बोलल्यावर कळते. उत्तरेकडे बर्फातला एक राक्षस असतो, त्याला फळांची भूक असते, आणि त्याच्याकडे एक चमकणारे रत्न असते. बाबा यागाच्या फाटकावरची कवटी नेमके तेच रत्न मागते. म्हणजे रस्त्यावरच्या मुलीकडून घेतलेली सफरचंदे आपल्याला थेट चेटकिणीच्या दारापर्यंत नेतात. पुढे चेटकीण मध्यरात्रीच्या स्मशानातली एक मुळी मागते, आणि तिथल्या भुतांपासून वाचायचे तर वैद्यबाईंकडून लेप आधीच घेऊन ठेवावा लागतो. यांतली कोणतीही गोष्ट खेळ स्वतःहून सांगत नाही. लोकांशी बोलत राहिले, त्यांची गाऱ्हाणी ऐकली, तर सांगितली जाते. आणि सिएराच्या इतर खेळांत सुरुवातीची एखादी वस्तू राहून गेली तर शेवटी सारे अडून बसत असे, तो जाच इथे जवळजवळ नाही.

इथवरचा सगळा भाग माझ्या लहानपणाचा. त्यात माझ्या ममत्वाचा वाटा किती आणि खेळाचा किती, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. लुटारूंच्या गढीचा भाग मात्र मी कोऱ्या नजरेने खेळलो. सोबतीला ना जुने मित्र होते ना तेव्हाची सुट्टी, आणि या भागाविषयी मी मुद्दाम कुठेही काही वाचले नव्हते. तिथे पोहोचण्याचे एकाहून अधिक मार्ग आहेत. समोरच्या फाटकावर एक वृषभमानव राखण करतो, तर गुहेतून मागच्या बाजूला निघणाऱ्या वाटेसाठी परवलीचा शब्द कुठेतरी आडून ऐकावा लागतो. आतली एक जेवणाची खोली अशी आहे की तिथे तलवार, मंत्र, काहीच पुरत नाही. खोलीत काय काय आहे हे नीट पाहून, अंगावर येणाऱ्या लुटारूंना वेळेवर अडवत राहावे लागते. पुढे विदूषकाची दारांची एक चक्रव्यूहासारखी खोली येते. मी तिथे अडकलो, चिडलो, पुन्हा मागे गेलो, आणि वाट सापडल्यावर लहानपणी अंगठी सापडल्यावर झाला होता तेवढाच आनंद मला झाला. शेवट मी सांगणार नाही. एवढेच सांगतो की अंतिम प्रसंगी तलवार उपसणे हा सर्वांत उत्तम पर्याय नसतो आणि आधी लोकांचे बोलणे लक्ष देऊन ऐकलेल्याला तो प्रसंग वेगळा दिसतो. हा भाग मला आज, प्रौढ वयात, प्रथमच भेटला आणि तरी तो पूर्वार्धाच्या तोडीचा वाटला. म्हणूनच मी ठामपणे म्हणतो की या खेळाचे चांगलेपण आमच्या बालपणातून त्याला मिळालेले नाही.

खेळाच्या स्वभावाविषयी लिहिले नाही तर परीक्षण अपुरे राहील. रानाच्या एका भागात ‘एरानाज पीस’ नावाचे कुरण आहे. एराना नावाच्या जादूगारिणीने ते निर्माण केले, आणि तिथे कोणताही राक्षस येत नाही. रात्री गावाचा दरवाजा बंद झाला तर तिथे निर्धास्त झोपता येते. रात्री रानात जखमी होऊन, दम संपलेल्या अवस्थेत त्या कुरणात पोहोचण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना तो विसरता येत नाही. एका व्यक्तीने जगात सोडलेला चांगुलपणा तिच्यामागे अनोळखी माणसाला आसरा देतो, ही कल्पना रचणाऱ्यांनी एकाही भाषणाविना खेळात बसवली आहे. असाच मऊपणा इतरत्र आहे. जमिनीतल्या बिळांतून डोकावणारे मीप नावाचे केसाळ गोळे मारण्यासाठी नाहीत. त्यांच्याशी सभ्यपणे बोलले की ते आपल्याला हवे ते हिरवे केस देतात. चोराची वाट निवडली तर रात्री गावातल्या म्हातारीच्या घरात शिरून चोरी करता येते, खेळ ती करू देतो, पण ती करायची की नाही ते आपले आपण ठरवायचे असते. आमच्यात चोर होऊन खेळणारा एक मुलगा ते घर सोडून फक्त दुसऱ्या घरातच शिरत असे, आणि त्याला त्याचे कारण कोणी विचारले नाही.

मूळ १९८९ ची आवृत्ती सोळा रंगांची आहे आणि तिच्यात काय करायचे ते कळफलकावर इंग्रजीत लिहून सांगावे लागते. मराठी माध्यमात शिकणाऱ्या आम्हा मुलांसाठी हे सोपे नव्हते. वर्गात एक जाडजूड शब्दकोश असे आणि तो हातोहात फिरे. तरीही ही पद्धत मला आजही श्रेष्ठ वाटते, कारण समोरच्या माणसाला काहीही विचारता येते आणि काय विचारायचे ते आपल्यालाच सुचावे लागते. ‘आस्क अबाउट ब्रिगंड्स’, म्हणजे लुटारूंविषयी विचार, असे लिहिले की शमीन एक सांगतो, वैद्यबाई दुसरे सांगतात आणि सरदाराचा चाकर तिसरेच. १९९२ साली सिएराने हाच खेळ २५६ रंगांत नव्याने काढला. त्यात माऊसने सारे करता येते आणि प्रश्नांची यादी पडद्यावर तयार असते. चित्रे निःसंशय अधिक सुंदर आहेत, संध्याकाळचे रान तर फारच देखणे उतरले आहे. मात्र यादीतला प्रश्न निवडणे आणि आपल्याला प्रश्न सुचणे यांत फरक आहे, आणि तो फरक या खेळात जाणवतो.

माझ्या भाचीला मी नवी आवृत्ती दिली. ती आठवीत आहे आणि तिचे सारे खेळ फोनवरचे. पहिल्या दिवशी ती त्रासून म्हणाली, “मामा, आता कुठे जायचं त्याचा बाण का नाही दाखवत हे?” मी तिला एवढेच सांगितले की खोऱ्यातल्या लोकांना विचार. दोनतीन संध्याकाळी तिने कुरकुर केली. नंतर तिच्या वहीच्या मागच्या पानावर खोऱ्याचा नकाशा आणि कोण काय म्हणाले याची टिपणे दिसू लागली. तिने जादूगारीण व्हायचे ठरवले होते, पण वीर पुरुषच असतो, दुसरा पर्याय नाही, हे कळल्यावर तिला राग आला, आणि तिचा राग मला रास्त वाटतो. लुटारूंच्या कथेत एक कर्तबगार स्त्री आहे, वैद्यबाई आहेत, जादूचे दुकान चालवणारी झारा आहे. एवढ्या ठसठशीत स्त्रिया उभ्या करणाऱ्या रचनाकारांनी खेळणाऱ्या मुलीसाठीही एक वाट ठेवायला हवी होती.

इतर दोषही आहेत. लढाई हा खेळाचा सर्वांत दुबळा भाग आहे. वार करणे, अडवणे आणि चुकवणे यांपलीकडे तिच्यात फारसे काही नाही, आणि जुन्या आवृत्तीत तर कोणती कळ केव्हा दाबली यापेक्षा अंगातला दम किती उरला, यावरच निकाल लागतो. रानाचे पुष्कळसे पडदे इतके सारखे आहेत की नकाशा काढल्याशिवाय दिशा राहत नाही. अनपेक्षित मरणेही खूप आहेत. मद्यालयात ‘ड्रॅगन्स ब्रेथ’ नावाचे पेय मागवून प्यायले तर वीर जागीच संपतो. असल्या विनोदाची त्या काळच्या सिएराच्या खेळांत रीतच होती, आणि मला तो आवडतो, पण खेळ साठवलेला नसेल तर नव्या खेळणाऱ्याला तो आवडणार नाही. शिवाय सरावाची जी मी वर एवढी स्तुती केली, ती करायला धीर लागतो. संध्याकाळी कामावरून येऊन अर्धा तास खेळणाऱ्याला झाडावर पुन्हा पुन्हा चढणे कंटाळवाणे होऊ शकते, आणि रचणाऱ्यांनी सरावाच्या जागा आणखी विविध ठेवल्या असत्या तर बरे झाले असते.

आता विकत मिळणाऱ्या प्रतीविषयी. गॉगने २०१२ साली पाचही भागांचा संच विक्रीस ठेवला आणि त्यात पहिल्या भागाच्या दोन्ही आवृत्त्या आहेत. जुने भाग ‘डॉसबॉक्स’ या आज्ञावलीच्या आधाराने चालतात आणि ती संचासोबतच येते, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही. खिडकी लहान उघडली तर ऑल्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की पूर्ण पडदा मिळतो. ज्यांना थोडी खटपट करण्याची हौस आहे त्यांनी हेच भाग ‘स्कमव्हीएम’ या विनामूल्य आज्ञावलीत चालवून पाहावेत. माझ्या संगणकावर त्यात खेळाची गती अधिक सुरळीत राहिली. वर्गातल्या संगणकाला ध्वनीपट्टी नसल्यामुळे मार्क सायबर्टचे संगीत आम्ही फक्त आतल्या बारीक टुणटुणीतून ऐकले होते. आता ते खऱ्या वाद्यमेळासारखे ऐकू आले, तेव्हा वीरसंघाच्या दारात मी काही वेळ पुढे न जाता तसाच ऐकत बसलो. संचासोबत मूळ माहितीपुस्तिकाही मिळते आणि ती जरूर वाचावी. नकलेच्या फ्लॉप्यांबरोबर पुस्तिका कधी आली नव्हती, त्यामुळे त्या पत्रद्वारा चालणाऱ्या वीरशाळेचे धडे मी आता प्रथमच वाचले. राक्षसांची ओळख, प्रवासात काय बाळगावे, कोणत्या कलेचा सराव कसा करावा, हे सारे तिथे गंभीर चेहऱ्याने आणि खूप प्रेमाने सांगितले आहे. ज्या दांपत्याचा खेळ आम्ही वर्षानुवर्षे फुकट खेळलो, त्यांनी पुढे लोकवर्गणीतून उभ्या केलेल्या निधीवर ‘हीरो-यू : रोग टू रिडेम्प्शन’ हा नवा खेळ २०१८ साली पूर्ण केला; तोही मी आता विकत घेतला आहे.

कोणती आवृत्ती घ्यावी, असे विचाराल तर लिहिण्याचा कंटाळा नसलेल्या मोठ्या माणसाने १९८९ ची आवृत्ती आधी खेळावी आणि शाळकरी मुलांना १९९२ ची द्यावी. वाट निवडताना प्रथम चोराची घेऊ नये, कारण तिच्यातल्या अर्ध्या गंमती खोरे ओळखीचे झाल्यावरच कळतात. योद्धा सर्वांत सोपा, आणि त्याला सुरुवातीच्या गुणांतले थोडे गुण चढण्यात व फेकण्यात घालून द्यावेत, म्हणजे घरट्यापाशी अडत नाही. पूर्ण गुण पाचशे आहेत, पण ते सगळे मिळवण्याच्या मागे पहिल्या खेपेला लागू नये.

आणखी एक गोष्ट विसरू नये. खेळ संपल्यावर आपला वीर वेगळ्या फाईलमध्ये साठवून घ्यायचा का, असा प्रश्न पडद्यावर येतो. तिथे नाही म्हणू नये. हीच फाईल १९९० च्या दुसऱ्या भागात, ‘ट्रायल बाय फायर’मध्ये, घालता येते आणि आपण घडवलेले बळ, चढणे, मंत्र सारे तसेच्या तसे शापीरच्या वाळवंटात सोबत येते, तिथे आकड्यांची मर्यादाही दोनशेवर जाते. सचोटीने वागलेल्या वीराला त्या भागाच्या शेवटी ‘पॅलाडिन’, म्हणजे धर्मयोद्धा, ही चौथी वाट मिळू शकते. तिथून तोच वीर १९९२ च्या ‘वेजेस ऑफ वॉर’मध्ये, मग ‘शॅडोज ऑफ डार्कनेस’मध्ये आणि १९९८ च्या ‘ड्रॅगन फायर’पर्यंत नेता येतो. दुसऱ्या भागाची मूळ आवृत्ती लिहून खेळावी लागते. भाचीसाठी मी हौशी मंडळींच्या ‘एजीडीआय’ या गटाने २००८ साली माऊसवर चालणारी जी नवी आवृत्ती विनामूल्य दिली, ती उतरवून ठेवली आहे. चौथ्या भागातले तांत्रिक दोष कुप्रसिद्ध आहेत, तेव्हा तो खेळताना स्कमव्हीएमच वापरावे आणि दर प्रसंगाला वेगळ्या नावाने खेळ साठवावा.